ढालीवरचं कमळ

सातासमुद्रापारच्या आमच्या या शॉमबर्ग गावाचं नाव ज्या जर्मन मुलखावरून पडलं, तिथल्या एका गावाचं बोधचिन्ह मी पहिल्यांदा पाहिलं आणि खुर्चीतून उडालोच. लाल ढाल, तिच्यावर पांढरं, चहूबाजूंनी टोकं असलेलं... अहो, हे तर ठिपक्यांच्या रांगोळीतलं कमळ! शंभर टक्के आपलं!

मग काय, रिटायर्ड माणूस आणि असलं तोंड. दर दिवाळीला ड्राइव्ह-वेवर मी ते कमळ काढायचो आणि पाहुण्यांना सांगायचो, "मराठी घोडेस्वार दौडत जर्मनीत गेले. तिथल्या सरदाराच्या दारात रांगोळी काढली. गडी असा खूश झाला, की थेट ढालीवरच उतरवून घेतली!" घोडेस्वार दरवर्षी वाढत. गेल्या दिवाळीत चाळीस हजार झाले होते.

घोळ असा झाला, की पाचवीतल्या नातीनं हेच शाळेच्या प्रोजेक्टला घेतलं. पोस्टरवर कमळ, घोडे आणि खाली 'सोर्स : माझे आबा'.

शाळेत सगळ्या मुलांच्या घरच्यांसमोर तिचं बोलून झालं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीची आजी उठली. ती निघाली नेमकी त्याच मुलखातली! तुटक इंग्रजीत म्हणाली, "बाळ, ते कमळ नाही. अंगाला लागलं की आग आग होते ना, त्या रानटी झुडपाचं पान आहे."

मी गारच पडलो. इतकी वर्षं दारात खाजरं पान काढून मी लक्ष्मीला बोलावत होतो!

"आणि जुने जाणकार तर म्हणतात, ते पानही नव्हतं," जर्मन आजीबाई पुढे म्हणाल्या. "ढालीची कड दातेरी होती, एवढंच. लोकांना ती पानासारखी दिसली, मग पानाची गोष्टही कुणीतरी रचली."

"बघ!" मी नातीला म्हणालो. "त्यांच्यातही माझ्यासारखा कुणीतरी होताच!"

ती हसली नाही. मार्करनं तिनं 'माझे आबा'वर काट मारली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आबा, यू मेड इट अप. अँड आय टोल्ड एव्हरीवन."

चाळीस हजारांतला एकही घोडेस्वार मदतीला आला नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. इतकं छोटं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो.

तिनं वही उघडली. "ओके. मग तुम्ही आजीला टायगरपासून सेव्ह केलं, ते?"

गाडी चालवणाऱ्या माझ्या बायकोनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना. मलाही कधी कुणी सांगितलं नाही ते."