ओलेत्यातलं गजकर्ण

केरळातल्या कुट्टनाडात पाण्याला तोटा नाही आणि नीलकंठन पोट्टींच्या सोवळ्यालाही नव्हता. पहाटे देवळाच्या तळ्यात बुडी मारून ओलेत्याने गाभाऱ्यात शिरायचं, हा तिथला रिवाज. पहिली पूजा आटोपली की बाकीचे पुजारी मुकाट्याने धुतलेलं कोरडं मुंडू नेसतात. पोट्टी मात्र दुपारच्या नैवेद्यापर्यंत ओलेत्यातच. "तिरुमेनींचं भारी कडक हो!" असं बायका या पुजारीबुवांबद्दल म्हणायच्या, आणि ते ऐकायला पोट्टींचे कान कायम टवकारलेले. प्रसादाचं चंदन ते उंचावरून टाकत. कुणाचं बोट लागलंच, तर पुन्हा तळं.

अशा या शुद्ध माणसाच्या कमरेवर गजकर्णाने बिऱ्हाड थाटलं. पोट्टींनी त्यावर देवाचंच चंदन थापलं. लोकांना वाटलं, तिरुमेनींची भक्ती वाढली. मग नागदेवतेचा कोप म्हणून तिला हळद वाहून झाली. शेवटी नाक्यावरच्या औषधवाल्याने एक ट्यूब दिली. खाज दोन दिवसांत पळाली, ट्यूब कपाटात गेली आणि महिन्याभरात गजकर्ण परत आलं, तेही पोटापर्यंत पाय पसरून. पुन्हा तीच ट्यूब. अशी वर्षं गेली. घरात नवराबायकोत पंचा एकच, दांडीवर सदैव दमट. त्यामुळे सावित्रीबाईंच्या मानेवरही एक चट्टा उमटला. पोट्टी म्हणाले, "पूर्वजन्मीचं काहीतरी असेल तुझं."

मुलगी श्रीदेवी बाळंतपणाला माहेरी आली आणि घरात नात आली. पोट्टींनी हात पुढे केले. श्रीदेवीने बाळाला छातीशी ओढलं.

"लांब, अच्छन. लांब," ती बापाला म्हणाली.

हा शब्द उच्चारायचा मक्ता त्या घरात आजवर एकाच माणसाकडे होता.

"अगं, मी आजोबा आहे तिचा!"

"आणि कमरेला ते काय आहे, कंबरपट्टा? तिची कातडी केवढीशी! उष्टावणाला मांडीवर घ्यायचंय ना? मग आधी हे घालवा. नाहीतर तिकडचे आजोबा घेतील."

तिकडच्या आजोबांना धड मंत्र म्हणता येत नाहीत, असं पोट्टींचं ठाम मत होतं. त्यांनी दवाखान्यात जायला आलप्पुळची होडी पकडली.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉइड आहे. खाज झोपते आणि बुरशी फोफावते. हे बंद." त्यांनी बुरशीचं साधं मलम आणि गोळ्या दिल्या. "मलम चट्ट्याच्या कडेबाहेरही लावायचं, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. घरच्या बाईंनाही तपासायला आणा. पंचा ज्याचा त्याचा, कडक उन्हात वाळवलेला. आणि अंग कोरडं ठेवायचं."

"पण मी ओलेत्याने पूजा करतो."

"पूजा करा की. नंतर ओलेत्यात मिरवता कशाला?"

दुसऱ्या दिवशी पहिली पूजा होताच पोट्टींनी अंग पुसलं आणि कोरडं मुंडू नेसलं. "अय्यो, तिरुमेनी आज कोरड्यात?" असं कुणीतरी पचकलंच. पोट्टींना फार लागलं. ते तरातरा तळ्याच्या पायरीपर्यंत गेलेही. पण तळ्याला लागूनच घर, आणि घरातून नातीचं रडणं ऐकू येत होतं. ते तसेच कोरडे परतले.

चट्टे मावळले तशी पोट्टींनी सवयीने नव्या मलमाची ट्यूबही कपाटात टाकली. सावित्रीबाईंनी ती काढून त्यांच्या हातावर आपटली. "पुन्हा आत ठेवलीत, तर ट्यूबबरोबर तुम्हालाही आत ठेवीन. पूर्वजन्मीचं म्हणे!"

उष्टावणाच्या सकाळी श्रीदेवीने बापाला अंगणात उभं केलं आणि फणस पारखावा तसं चहूबाजूंनी फिरवून पाहिलं. मग बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोट्टींनी भाताचं पहिलं शीत त्या इवल्या ओठांना लावलं. नातीने ते चाखलं, आजोबांकडे नीट बघून घेतलं आणि त्यांचं कोरडं मुंडू निवांतपणे भिजवलं.

"अच्छन, उठा! आधी मुंडू बदला!" श्रीदेवी ओरडली.

"बदलतो गं," पोट्टी म्हणाले. "तिचा घास राहिलाय अजून."

आणि ते ओलेत्यातच बसून राहिले. या खेपेला कोण बघतंय, याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.