माझ्या तबकड्या कोणाच्या नावावर

शेजारच्या घरी चोरी झाली आणि आमच्या मामंजींची झोप उडाली. मामंजी म्हणजे माझे सासरे. सारंगखेड्याच्या अंगाला आमचं गाव, घरात खाऊन-पिऊन बरं. त्यांनी लगेच नंदुरबारहून विम्याचा माणूस बोलावला. घरात काय काय आहे ते सगळं लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या चोरी झाली तर कंपनी भरून देईल.

तो माणूस ओटीवर बसला, भांडी एकेक करून पुढे आली. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. हंड्यावर सासूबाईंचं नाव, घागरीवर माझं, खाली आमच्या आमच्या बापाचं. तो वाचायचा आणि लिहायचा, कोणी हूं की चूं केलं नाही.

मग माझा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, आला. चावीचा, पितळी कर्ण्याचा, आणि तबकड्यांची पेटी. बापाने लग्नात दिलेला. पुढे दर दिवाळीला माहेराहून निघताना एक तबकडी माझ्या हातात पडायचीच. मला शाळा नाही. अक्षरं मी त्या तबकड्यांवरच्या गोल कागदावरून शिकले. आधी गाणं पाठ, मग ते कुठे लिहिलंय ते शोधायचं.

पेटी उघडल्यावर मामंजी म्हणाले, "हे मन्हा नाववर लिखा."

सासऱ्यासमोर सून बोलत नसे. बोलायचंच झालं तर दाराआडून, आणि तेही सासूला. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्यासले सांगा, बाजा मन्हा बापनी दिधेल शे."

सासूबाई मध्येच बसलेल्या. त्यांनी काही सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

"घागर बी तिन्हा बापनीच दिधी," मामंजी म्हणाले, "पण घागर बाईनी. बाजा म्हणजे घरनी वस्तू."

विम्यावाल्याने विचारलं, "बाई, खरेदीच्या पावत्या आहेत का?"

"आत्याबाई, त्या भाऊंना विचारा, त्यांच्या बहिणीला दिवाळीची ओवाळणी घालतात तेव्हा पावती घेतात का?"

तो हसला, पण लेखणी खाली ठेवून म्हणाला की कंपनीचा कागद एकाच नावाचा असतो, कर्त्या पुरुषाच्या. भांड्यावरची नावं त्याने नुसती ओळख पटावी म्हणून लिहिली होती. चोरी झाली तर भरपाई मामंजींच्याच हातात.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हणजे चोर नेणार माझ्या तबकड्या, आणि गेल्या म्हणायच्या दुसऱ्याच्या? मी पदर सावरला, दाराबाहेर आले, पेटीचं झाकण लावलं आणि पेटी उचलली.

"आत्याबाई, सांगा त्यांना, माझा बाजा नि पेटी यादीतून काढा. गेली तर माझी जाईल. रडायचं तर मी रडेन."

मग सासूबाई, ज्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता, हळूच म्हणाल्या, "भाऊ, मन्हा हंडा बी काढी टाका."

मामंजी आधी हंड्याकडे बघत बसले, मग बायकोकडे. विम्यावाल्याने बाजा-पेटीच्या आणि हंड्याच्या ओळींवर काट मारली. त्याला जेवायला थांबवलं होतं, म्हणून भांडण तिथेच राहिलं.

मी काही थांबले नाही. आतल्या खोलीत बाजा मांडला, सुई बदलली, चावी दिली. मामंजी घरात असताना मी आजवर कधी बाजा लावला नव्हता. भजनाची तबकडी होती. सूर ओटीपर्यंत पोचला तसा ताटांचा आवाज कमी झाला.

थोड्या वेळाने मामंजींचा आवाज आला, "सुनले सांग, कर्णा जरा इकडे फिराव."

सासूबाई दारात आल्या, माझ्याकडे बघून हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मी तबकडी संपू दिली. मग म्हटलं, "त्यासले सांगा आत्याबाई, ऐकनं व्हई तर अठे खोलीमा या, बसा."

आणि दुसरी लावली.