ओवाळलेला तुकडा

दारातच माझ्या कडेवरून बाळ काढून घेतलं आणि काकू म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो गं. तुझ्यावरूनही ओवाळलं जाईल."

मी बाजूला झाले. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराची पायरी, तिथं चपलांच्या शेजारी. उंबऱ्याशी त्यांची लेक रेणूताई, तिच्या कडेवर चिकू. काकूंच्या एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबच्या प्रवासातून माणूस घरी आलं की असा भाकरतुकडा ओवाळतात, वाटेतली दृष्ट काढतात. लेक परदेशातून आलेली. नातू तर पहिल्यांदाच आलेला. काकूंचे डोळे भरून आले होते.

दोघांवरून ओवाळून झालं. ताईनं डोळ्यांना पाणी लावलं. मग काकूंनी तो तुकडा माझ्यापुढे धरला. "हा तिकटीवर टाकून ये. मागे वळून बघू नकोस. आणि येताना मागच्या दारानं ये."

दृष्ट त्यांची. उचलून न्यायची मी.

मीही त्याच विमानातून उतरले होते. आधी दुबई, मग सिंगापूर. जावईबापूंची बदली होईल तिथं आम्ही. ताईच्या बाळंतपणापुरती म्हणून गेले ती अडीच वर्षांनी परत आले. चिकूचा पहिला ताप मी जागून काढला. विमानातही तो माझ्याच मांडीवर झोपला. पण प्रवास त्यांनी केला. मी नुसतं बरोबरचं सामान.

खरं सांगते, मला हेवा वाटला. असातसा नाही. पोटातून जळत वर आला. रेणू माझ्याच वयाची. ती ताई, मी 'अगं'. तिच्या साड्यांचा, तिच्या गाडीचा हेवा मला कधी वाटला नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? वाटला. तो गिळता यायचा. हा गिळता येईना. तिच्यासाठी कुणीतरी सकाळी उठून भाकरी थापली होती. ती सुखरूप आली म्हणून कुणाचा तरी जीव भांड्यात पडला होता. मी सुखरूप आले का, हे त्या दारात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि तो तुकडा. माझ्या आईनं लहानपणी बीदरकडच्या खेड्यात असले तुकडे उचलून आणलेत. वरच्या आळीतल्यांनी ओवाळून टाकलेले. धूळ झटकून खाल्लेत. मला हे लहानपणापासून ठाऊक. तरी परदेशी जायच्या आधी त्याच घरातून मी असे तुकडे निमूट नेऊन टाकत होते. काम म्हणजे काम.

सिंगापूरला रविवारी मला सुट्टी असायची. आम्ही घरकाम करणाऱ्या बायका बागेत बसायचो. कुणी फिलिपिन्सची, कुणी इंडोनेशियाची. एकाच डब्यात सगळ्यांचे हात. कुणी गावाकडून परत आली की बाकीच्या उठून तिला मिठी मारायच्या. एकदा मी आजारी पडले, बरी होऊन बागेत गेले तेव्हा मलाही मारली. मी लाकडासारखी उभी. असं कुणी केलंच नव्हतं कधी. त्या रविवारांनी मला बिघडवलं. बरं झालं.

मी तुकडा हातात घेतला नाही.

"काकू, तुमचं तुम्ही टाका," म्हणाले. "आणि माझा पासपोर्ट द्या."

पासपोर्ट ताईच्या पर्समध्ये होता. पहिल्या दिवसापासून तिथंच.

"तुला गं कशाला हवाय?" काकू म्हणाल्या. "कपाटात नीट राहील."

"आत्ता? असं दारात?" ताई म्हणाली.

"दारातच. आत मी येत नाही."

ताईनं तो काढून दिला, माझ्याकडे न बघता. चिकूनं माझ्याकडे दोन्ही हात पसरले आणि भोकाड पसरलं. ताई त्याला आवळून धरायला लागली, तसा तो आणखीच वाकला माझ्याकडे. तिच्या तोंडावर जे दिसलं ते माझ्या चांगलं ओळखीचं होतं. तिला माझा हेवा वाटत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बॅग उचलली आणि ऑटो पकडला.

मलकपेठेत घरी पोचले तर आई तांदूळ निवडत बसलेली. "आली गं? खाऊन आली का?" एवढंच. मी सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "आपल्याला कोण ओवाळतंय? आपल्याला कुणाची नजर लागणार? उगी परेशान नक्को होऊ."

"मला हवंय," मी म्हणाले. "माझ्यावरून ओवाळ."

ती उठली. टोपलीत सकाळची भाकरी होती. तिनं ओवाळलं, उलटसुलट, तिला कुठं येत होतं? मग तुकडा टाकायची वेळ आली आणि हात अडला. भाकरी टाकायची त्या हाताला सवयच नाही. तो आपसूक तोंडाकडे गेला.

मी तिचं मनगट धरलं. "खाऊ नको, आई."

"हौ, हौ," म्हणत ती हसली. मला हसू आलं नाही. नल्लकुंट्याला परत जाऊन त्या दारावर दगड घालावासा वाटला.

आठवड्याभरानं ताईचा फोन आला. "महिनाअखेरीला आम्ही निघतोय. तुझ्याशिवाय चिकू घास घेत नाही गं. आईचं काय मनावर घेतेस? तिचा स्वभावच तसा."

"मी येणार नाही."

"मग काय करशील?"

"जाईन की. माझी मी जाईन." आबिड्सला परदेशी कामाला पाठवणाऱ्यांच्या ऑफिसात मी आदल्याच दिवशी चौकशी करून आले होते.

"आणि चिकू?"

"त्याला तुम्ही भरवा."

फोन ठेवला आणि रडले. चिकूसाठी रडले, ते लपवत नाही. आई म्हणाली, जाऊ दे, त्यांच्यावर जळून आपलं काय भलं होणार? शेजारच्या बायकाही तेच म्हणाल्या. माणसानं जळू नये.

मी जळणार. त्यांना मिळतं ते मला का नाही, हे विचारणं माझ्या पोटात ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी मी पुन्हा कुणीही काहीही पुढे केलेलं मुकाट उचलीन. म्हणून ते मी थांबू देणार नाही.