नसलेल्या डॉक्टरांचा सल्ला

मागच्या आठवड्यात कॉलेजात एक तास घेतला आणि तेव्हापासून कशात मन लागत नाहीये. लिहून मोकळं व्हावं म्हटलं...

मी कोपरखैरणेच्या एका कॉलेजात लायब्ररियन आहे. पुस्तकांची देवघेव सांभाळून आठवड्यातून एकदा फर्स्ट इयरच्या मुलांना नेटवर माहिती कशी शोधायची, खरी-खोटी कशी ओळखायची आणि स्वतःच्या शब्दांत कशी लिहायची, ते शिकवते. मुलं बहुतेक एसीसाठी येतात... पण येतात.

दर वेळी मी एक खोटा मेसेज शोधून नेते आणि मुलांकडून त्याची चिरफाड करून घेते. कोणी लिहिलाय, कशाच्या आधारावर, दुसरीकडे कुठे सापडतं का... मुलांना यात भारी मजा येते. खरं सांगायचं तर मलाही.

या वेळचा मेसेज आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवरच मिळाला. वर जोडलेले हात, गुलाबाची फुलं आणि मुंबईच्या कुणा 'सुप्रसिद्ध' डॉक्टरांचं नाव. शुगर असलेल्यांनी मनाने गोळ्या बंद करू नयेत, पाल्याच्या रसावर राहू नये, पायाला साधी जखम झाली तरी लगेच दाखवावी... आणि शेवटी, आपल्या माणसांवर प्रेम असेल तर पुढे पाठवा.

मजकुरात खोट काढायला जागाच नव्हती, याचं मला नवल वाटलं. पण त्या नावाचे डॉक्टर काही केल्या सापडेनात. म्हटलं, चला, या वेळी मुलांना जरा अवघड देऊ.

मुलांनी डॉक्टरांचा पार फडशा पाडला. हॉस्पिटल नाही, डिग्री नाही, कुठे एक फोटो नाही. "मॅडम, डॉक्टरच फेक, तर मेसेज पण फेकच ना," एकजण म्हणाला आणि सगळा वर्ग हसला.

फक्त सायली मान खाली घालून बसली होती. (नाव बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय.) वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, एरवी हिचाच हात आधी वर असतो. तास संपल्यावर ती थांबली.

"मॅडम, तो मेसेज मी लिहिलाय."

मला आधी रागच आला. मी काय शिकवते आणि ही काय करते... पण ती बोलत गेली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

तिचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. शुगर जुनीच. गावच्या भावकीच्या ग्रुपवर तिच्या आत्याच्या नवऱ्याने, म्हणजे वडिलांच्या दाजींनी, कसल्याशा पाल्याच्या रसाचा मेसेज टाकला आणि वडिलांनी गोळ्या बंद केल्या. मग सायलीने मी शिकवलेलं सगळं केलं. सरकारी साइट बघितली, मोठ्या हॉस्पिटलांची माहिती पडताळली, रसाच्या मेसेजला कुठेच आधार नाही याची खात्री केली. सगळं सोप्या मराठीत लिहून, खाली कुठून घेतलं ते देऊन, वडिलांना वाचून दाखवलं.

"दाजी काय खोटं सांगत्यात व्हय? कालपतूर नाक पुसाय येत न्हवतं, आन् मला शिकवतीया!" विषय संपला.

पुढे गोणी उतरवताना त्यांच्या पायाला लागलं. जखम बरी होईना, हळद दाबून कामावर जात राहिले. तेव्हा सायलीने आपला तोच मजकूर घेतला, खालचे आधार काढून टाकले, वर एक डॉक्टर बसवला, फुलं चिकटवली... आणि गावी असलेल्या आतेभावाला सांगून दाजींच्याच फोनवरून ग्रुपवर टाकायला लावला.

वडील दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले. पायाचं एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. गोणी उचलायचं काम आता होत नाही, पण गोळ्या मात्र वेळेवर घेतात.

वॉर्डात पडल्या पडल्या त्यांनी तो मेसेज सायलीलाच मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. "बघ, मानसानं शिकावं तर असं."

हे सांगताना ती हसली. मला नाही हसता आलं. मुलांना मी विचारायला शिकवते, हे कोणी लिहिलं? घरोघरी मात्र लोक एवढंच बघतात की पाठवलं कोणी... आपल्या माणसाने पाठवलं की झालं.

"माझं चुकलं का मॅडम?" तिने विचारलं. या तासाच्या प्रोजेक्टसाठी तोच मजकूर परत लिही, सगळे आधार दे आणि खाली स्वतःचं नाव घाल, एवढंच मी तिला सांगितलं.

काल ती घेऊन आली. इतकं स्वच्छ, इतकं समजेल असं लिहिलंय की मी दोनदा वाचलं. मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, हे घरी दाखव, पप्पांना कळू दे त्यांना कोणी वाचवलं ते.

तिने माझ्या हातातून कागद घेतले आणि बॅगेत अगदी खाली सरकवले.

"नको मॅडम. माझं नाव बघितलं ना, तर पप्पा गोळ्या परत बंद करतील."

मार्क पूर्ण दिलेत. एका माणसाचा पाय वाचला याचा आनंद मानायला हवा, आणि मानतेही... पण पुढच्या तासाला मुलांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू, ते अजून कळलेलं नाही.