प्रेमलाची शिफारस

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात प्रेमला पाच वर्षं वेणीमाधवकाकांच्या हाताखाली राबली होती. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, औषधाच्या बाटल्या भरणं, गिरणीकामगारांचे आजारपणाचे दाखले लिहिणं, सगळं तिच्याच गळ्यात. डॉक्टर होते काका, पण ते दाखल्याखाली फक्त सही ठोकायचे, तीही न वाचता.

पुण्याला डॉक्टरी शिकायला अर्ज करायचा म्हणून तिनं काकांकडं शिफारसपत्र मागितलं. आठ दिवस मागं लागल्यावर त्यांनी ते हातावर ठेवलं. नात्यातल्या मुलींसाठी स्थळांना पत्रं लिहिण्यात काकांचा हात कुणी धरू शकत नसे, आणि हेही त्यांनी त्याच हातानं लिहिलं होतं: मुलगी सुशील, वर्णानं गोरी, गृहकृत्यदक्ष, स्वयंपाकात तरबेज. दवाखान्याचा एक शब्द नाही! प्रेमलाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, हे कॉलेजात धाडायचं की एखाद्या वरपित्याला?"

"अगं, मुलीबद्दल आणखी काय लिहितात?"

"काय लिहितात? परवा त्या विणकराचं फाटलेलं बोट कुणी शिवलं? तुम्ही तर आत पत्ते कुटत बसला होता की!"

काका गोरेमोरे झाले. प्रेमलानं पत्र टराटरा फाडलं, दवाखान्याचा कोरा कागद ओढला, पाच वर्षांचं काम स्वतःच लिहून काढलं आणि कागद त्यांच्यापुढं आपटला. काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"आजच का वाचताय?" ती कडाडली. "इतकी वर्षं माझ्या हातचं न वाचताच सही केलीत की!"