उंबऱ्याबाहेरचा कोळसा

शेगडीतल्या दगडी कोळशाचा वास आला, की मला ऊर्जानगरातली, ऐंशीच्या दशकातली नववर्षाची एक सकाळ आठवते. बदली होऊन मला सहा महिने झाले होते आणि तोपर्यंत माझ्या खोलीवर कुणीही आले नव्हते. आदल्या आठवड्यात मी वर्गात स्कॉटलंडमधील एक प्रथा सांगितली होती: नव्या वर्षी उंबरा ओलांडणारा पहिला पाहुणा काळ्या केसांचा असावा आणि त्याने कोळसा आणावा, म्हणजे घर वर्षभर उबदार राहते. त्या सकाळी धुक्यात वीज केंद्राचा भोंगा वाजून गेला आणि पाठोपाठ माझे दार वाजले. बाहेर शाळेचे वयस्क शिपाई कानटोपी काढून उभे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोळशाचा खडा. “तुमी पोरायले सांगून राह्यले होते, ते व्हरांड्यातून आयकलो, सर. माहे केस तं पांढरे झाले, पन कोळसा पक्का काळा आहे!” ते हसले आणि चपला काढून थांबले. मी खोलीतल्या एकुलत्या खुर्चीकडे पाहिले, त्यांना कुठे बसवावे या संकोचात पडलो आणि दारातूनच खडा घेतला. “बरं, येतो मंग,” म्हणत त्यांनी चपला पुन्हा पायांत घातल्या. उंबरा ओलांडल्याशिवाय ती प्रथा पूर्ण होत नाही, हे मीच फळ्यावर लिहिले होते. त्या वर्षी दुसरे कुणी आले नाही. तो खडा अजून माझ्या टेबलावर आहे. आता घरात वेताच्या चार खुर्च्या आहेत. त्यांतल्या तीन खुर्च्यांची वीण अजून नव्यासारखी घट्ट आहे.