न कापलेलं अनुदान

विहिरीच्या इंजिनाचं अनुदान कसलीही कपात न करता द्या, असं परिपत्रक आमच्या नागपूरच्या कार्यालयात आलं. त्याच आठवड्यात पारशिवनीकडचा एक म्हातारा शेतकरी माझ्या खिडकीशी आला. मी काढलेल्या नोटा त्याने लांबूनच, ओठ हलवत, तीनदा मोजल्या.

"बाई, कापले काहून नाही?"

"कापायचे नाहीत, काका. नियम आहे."

"मंग उद्या वसुली लावसान. मी अंगठा देत नाही."

वाटपाचा शेवटचा दिवस होता. अंगठा नाही, तर पैसे परत जाणार. शेवटी मी फॉर्मचे म्हणून चार आणे मागितले.

त्याचा चेहरा उजळला. "हां, आता सरकारी वाटते!" म्हणत त्याने अंगठा उमटवला.

फॉर्म फुकट होता. चार आणे अजून माझ्या खणात आहेत. ते कुठे भरायचे, याचं परिपत्रक आलेलं नाही.